बहीण ऊसतोड करते, नवऱ्यानं टाकलंय, वकिलाला पैसे नाहीत. केस करता येईल का?

हो, येईल, आणि वकिलाची फी भरायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ बघा, बाईला फुकट वकिलाचा हक्क आहे अन तिथं उत्पन्नाची अटच नाही, म्हणजे तहसीलच्या दाखल्यासाठी चकरा नकोत. मी तालुका कोर्टात विधी स्वयंसेवक आहे, हे माहीत नसल्यानं कितीतरी बायका दारातूनच परत जातात, फार वाईट वाटतं. तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज द्या, लिहिता येत नसलं तर तिथलेच लिहून घेतात, नाहीतर १५१०० ला फोन लावा. पोटगी असो की घरगुती हिंसाचार कायदा २००५, ती राहते तिथंच केस टाकता येते, माहेर बीडला असलं तर बीडलाच, नवऱ्याच्या गावी जायचं काम नाही. पण एक आहे, वकील फुकट असला तरी बुडालेली मजुरी कोणी देत नाही, अन उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेली की सहा महिने तारखा चुकतात, मग गैरहजेरीत केस निकाली निघू शकते. म्हणून टोळी निघायच्या आधीच अर्ज टाका, अंतरिम पोटगी, म्हणजे केस चालू असतानाची पोटगी, लगेच मागा आणि कारखान्यावर जाणार हे वकिलाला आधी सांगा.