ऑपरेशननंतर आईचा हात सुजलाय, मालिश करू का?

तू लिहिलंयस की आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशन पण झालं, आणि आता कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजतोय. डॉक्टर म्हणाले एवढं राहणारच. शेजारच्या मावशी म्हणतात गरम तेलाने जोर लावून चोळून काढ, आणि घरचे आईला पोळ्यासुद्धा लाटू देत नाहीत. आधी एकच सांगते, ते गरम तेल आजच बंद कर. बाकीचं निवांत वाच.

मी भंडाऱ्याची. माझं ऑपरेशन २०१३ साली झालं, डावी बाजू, काखेतल्या १७ गाठी काढल्या होत्या. वर्षभर काही नव्हतं, मग भाचीच्या लग्नात बांगड्या भरायला बसले तर नेहमीच्या मापाच्या बांगड्या उजव्या हातात गेल्या आणि डाव्या हातात चढेचनात. मला वाटलं उन्हाळ्याची सूज असेल. आमच्या भागात हत्तीरोग आहे ना, त्यामुळे सुजलेला हात दिसला की लोकांच्या डोक्यात पहिलं तेच येतं, गल्लीत कुजबुज सुरू झाली, आणि एका दवाखान्यात तर मला सरळ हत्तीरोगाच्याच गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या. यात माझे चार महिने गेले, आणि तेच चार महिने कामाचे होते, म्हणून तुला एवढं लांबलचक लिहितेय.

हत्तीरोग डासातून आलेल्या जंतांमुळे होतो, आपलं तसं नसतं, आपल्या या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. हातातलं लसीका नावाचं पाणी काखेतल्या गाठींतून (कॅन्सरच्या नाही, प्रत्येकाला असतात त्या लसीका ग्रंथी) गाळून परत रक्तात जातं. गाठी काढल्या, वरून रेडिएशनने तिथली जागा आवळली की वाट अरुंद होते आणि पाणी मागे साचतं. या पाण्यात प्रोटीन असतं. लघवीच्या गोळीने पाणी थोडं उतरतं, प्रोटीन तिथंच राहतं आणि परत पाणी ओढतं. असं बरेच महिने राहिलं की आतली चामडी जाड होते, चरबी वाढते, आणि मग हात दाबला तरी खड्डा पडत नाही. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांत साधारण पाचातल्या एकीला हे होतं, नुसत्या एक-दोन गाठी तपासायला काढल्या तर शंभरात पाच-सहा जणींना. म्हणजे आईनं काही चुकीचं केलं म्हणून झालंय असं अजिबात नाही, हे तिला मुद्दाम सांग, कारण आम्ही सगळ्या मनात तेच धरून बसतो.

आता आईच्या हातावर अंगठा दाबून बघ. खड्डा पडतोय आणि सकाळी उठल्यावर सूज कमी असतेय, तर अजून वेळ हातात आहे. डॉक्टरांचं अर्धं बरोबर आहे, हे कायमचं जात नाही. पण कमी होतं आणि कमी ठेवता येतं, ते अर्धं त्यांनी सांगितलं नाही.

पण एक आधी. सूज एकदम दोन-चार दिवसांत वाढली असेल, हात दुखत असेल, बोटं बधिर होत असतील किंवा काखेत-मानेत नवीन गाठ लागत असेल, तर पट्टी-बिट्टी काही करू नका, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी किंवा आजार परत आलेला नाही हे नक्की व्हायला पाहिजे. हृदयाचा त्रास असेल तर तेही पट्टी बांधण्याआधी सांगायचं.

मग लिम्फेडेमाचं ट्रेनिंग घेतलेला फिजिओथेरपिस्ट शोधायचा. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलच्या फिजिओ विभागात विचार, गावात नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे शहरात नातेवाइकांकडे राहून करून घ्या, मी नागपूरला बहिणीकडे राहून केलं. रोज हलक्या हाताने निचरा करतात, मग बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्यांचे थर बांधतात आणि पट्टी बांधलेल्या हाताने व्यायाम करायला लावतात. तो निचरा म्हणजे आपली मालिश नाही. नुसती कातडी हळूच सरकवायची असते, आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून नाही तर मान आणि दुसऱ्या बाजूच्या काखेपासून, आधी पुढची वाट मोकळी करायची म्हणून. जोरात चोळलं, गरम तेल लावलं, शेक दिला की रक्त तिकडे जास्त येतं आणि सूज वाढते.

पट्टी पण मेडिकलमध्ये मिळणारी लवचिक क्रेप नाही हं. मी ती स्वतः कोपरापासून बांधली होती आणि संध्याकाळपर्यंत पंजा पुरणपोळीच्या गोळ्यासारखा फुगला. या पट्ट्या कमी ताणल्या जाणाऱ्या असतात, खाली कापूस किंवा फोम असतो, आणि दाब बोटांकडे जास्त, वर कमी. शिकून घे तू, आईला एका हाताने जमणार नाही.

हात उतरला की मग स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही. आधी नाही! सुजलेल्या हाताच्या मापाची स्लीव्ह घेऊन बायका फसतात, ती हात कमी करत नाही, जेवढा आहे तेवढा धरून ठेवते. साधारण २०-३० एमएमएचजी (हे दाबाचं माप) ची देतात, पण किती प्रेशरची ते माप घेणाऱ्यालाच ठरवू दे. सकाळी उठल्या उठल्या घालायची, रात्री काढायची, दोन ठेवायच्या म्हणजे एक रोज धुता येते, आणि सहा महिन्यांत ती ढिली पडते तेव्हा बदलायची. घालताना रबरी हातमोजे घाल, पटकन वर सरकते. वर गुंडाळी होऊ द्यायची नाही, तिथे दोरी बांधल्यासारखं होतं. मे महिन्यात आमच्याकडे ४५ डिग्रीला स्लीव्ह घालणं म्हणजे खरंच रडू येतं, मी ओल्या कापडाने वरूनच पुसते आणि कुलरसमोर बसते, पण काढत नाही, कारण सूज उन्हाळ्यातच सगळ्यात जास्त वाढते.

पोळ्या लाटू दे गं तिला. हात नुसता गळ्यात अडकवून ठेवला की अजून बिघडतो, स्नायू हलले तरच पाणी वर सरकतं. अमेरिकेत लिम्फेडेमा असलेल्या १४१ बायकांवर अभ्यास झाला होता, २००९ मध्ये छापून आला, आठवड्यातून दोनदा हळूहळू वजन वाढवत उचलायला लावलं. त्यांचा हात वाढला तर नाहीच, उलट सूज उसळण्याचे प्रकार कमी झाले. पण स्लीव्ह घालून आणि अगदी थोड्यापासून. आठ महिने काही न करता एक दिवस दिवाळीच्या सगळ्या चादरी पिळायला बसायचं नाही. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरू केलं, आता घागर उचलते.

चामडी जप. आंघोळीनंतर साधं मॉइश्चरायझर, बोटांच्या बेचक्या कोरड्या, विळीवर बसताना आणि भांडी घासताना हातमोजे, काळी मेंदी नको, त्या हाताला घट्ट गंडादोरा नको. बीपी आणि सुई दुसऱ्या हाताला सांगायची, पण इमर्जन्सीत चुकून त्याच हाताला टोचलं तर घाबरायचं नाही.

आणि हे नीट लक्षात ठेव, हात लाल झाला, गरम लागतोय, थंडी वाजून ताप आलाय, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. निचरा आणि पट्टी तेव्हा बंद. मला एकदा विळीच्या साध्या कापावरून असं झालं, मी एक रात्र काढली आणि पाच दिवस ॲडमिट झाले, आणि वर्षभरात जेवढा उतरवला होता तेवढा हात परत चढला.

आज शिंप्याची टेप घे आणि दोन्ही हात मोज, मनगटापासून दर १० सेंटिमीटरवर, आणि तारीख घालून वहीत लिही. दर आठवड्याला त्याच वेळेला, मी सकाळी चहाआधी मोजते. आईचा पंजा आणि बोटं पण फुगलीत का तेवढं सांग, कारण तसं असेल तर नुसत्या स्लीव्हने भागणार नाही, तसाच दाब देणारा ग्लोव्ह पण लागेल आणि ते फिजिओला पहिल्याच दिवशी सांगावं लागेल.