कोरड्यास वाटीभर खाता आलं पाहिजे

चि.,
अनेक आशीर्वाद.

घरच्या जेवणात भाजी आणि फळं वाढवायची तर नवे पदार्थ कोणते शिकू, असं तू विचारलंस. नवं काही शिकू नकोस. ज्वारीची भाकरी, वरण, पिठलं, एखादं कोरड्यास म्हणजे भाकरीसोबतची भाजी, जे रोज शिजतं तेच राहू दे. आठवडाभर फक्त बघ, प्रत्येकाच्या ताटात भाजी किती पडते. आपल्याकडं भाजी भाकरीला लावून खायची सवय आहे. दोन फोडी वांगं, वर तेलाचा तवंग, तिखट-मीठ चढं, आणि त्यावर अडीच भाकरी संपतात. असं कोरड्यास कुणाला जास्त वाढलं तरी खाता येत नाही, तोंड पोळतं. म्हणून भाजी वाढवण्याआधी तिखट आणि मीठ कमी कर. एकदम नाही. चार चमचे काळं तिखट पडत असेल तर पंधरा दिवस तीन, मग अडीच. मिठाचंही तसंच. ज्याला झणझणीत हवं त्याच्या ताटात ठेचा वेगळा वाढ. लातूर-धाराशिवकडं येळवसेची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची, भज्जी वाटी भरभरून खातात. ओला हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या असं कितीतरी त्यात एकत्र शिजतं. एका दिवशी जे जमतं ते रोज थोडं-थोडं जमू शकतं.

किती खायची, तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या सूचनांत 2000 कॅलरीच्या आहारासाठी 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं आहेत. तुमच्या पाच माणसांच्या घरात म्हणजे रोज दोन किलो भाजी नि अर्धा किलो फळं. एवढ्यानं दडपून जाऊ नकोस. आज किलोभर शिजत असेल तर या महिन्यात सव्वा किलो कर. वजन मात्र निवडलेल्या भाजीचं धर, कारण देठ-मुळं काढल्यावर मेथीची जुडी पार निम्म्यावर येऊ शकते.

सर्वात सोपी जागा वरणाची. एक वाटी तूरडाळीला दोन वाट्या चिरलेलं डांगर (लाल भोपळा), दुधी, दोडका किंवा शेवग्याचा कोवळा पाला सहज खपतो. आंबट चुका, अंबाडी, चिंच, टोमॅटो मात्र डाळ पूर्ण शिजल्यावरच घाल. आंबटपणानं डाळ मऊ होत नाही, दाणा कचकचीत राहतो आणि दोष भाजीवर येतो. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर डाळ मुळातच उशिरा शिजते. अशा वेळी तासभर भिजव, पण खायचा सोडा टाकू नकोस. सोड्यानं ब आणि क जीवनसत्त्व नासतं. पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणूनही काही जण तो टाकतात, तेही नको. पालेभाजीचा रंग टिकवायचा तर पहिली तीन-चार मिनिटं झाकण ठेवू नकोस. पाल्यातली आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकलं की ती आतच राहतात आणि भाजी काळपट पडते. मीठ पाला बसल्यावर घाल. परातभर मेथी दोन वाट्यांवर येते. आधी अंदाजानं घातलेलं मीठ मग खारट होतं, आणि एकदा खारट झाली की पोरं आठवडाभर त्या भाजीकडं बघत नाहीत.

धुताना आधी धू, मग चिर. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन भाजी बुडव, हलव आणि वरून उचलून काढ. पातेलं पालथं केलंस तर तळाला बसलेली माती परत भाजीवर येते. तीन पाण्यांत निघते. ते पाणी मोरीत सोडू नकोस, शेवग्याच्या किंवा अळूच्या बुडाशी ओत. भेंडी मात्र धुऊन कापडानं पूर्ण कोरडी करूनच चिरावी, नाहीतर तार सुटते. तरी सुटलीच तर दोन आमसुलं किंवा लिंबू पिळ.

दुधी, दोडका, काकडी, वाळूक चिरण्याआधी एक बारीक चकती जिभेला लावून बघ. कडू लागली तर थुंकून टाक आणि ते फळ फेकून दे. शिजवून किंवा साखर घालून ते चालवून घेऊ नकोस. कडू दुधीचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडलेले आहेत.

पिठल्यात एक वाटी बेसनाला दोन वाट्या कांद्याची पात किंवा मेथी घे. ती फोडणीत आधी परतून पाणी आटव, मग पीठ कालवून ओत. पाला नंतर टाकला की त्याचं पाणी सुटून पिठलं पातळ होतं. धपाट्यांतही तेच. दोन वाट्या पिठाला दीड वाटी चिरलेला पाला, त्याला आधी मीठ चोळून दहा मिनिटं ठेव, आणि सुटलेल्या पाण्यातच पीठ मळ. वरून पाणी लागलं तर चमच्यानं घाल. आधीच पाणी ओतलं तर गोळा चिकटतो, थापताना फाटतो.

कच्चंही काहीतरी रोज ताटात असू दे. कोवळ्या मेथीचा, पाथरीचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा पाच मिनिटांचा आहे: दोन मुठी चिरलेला पाला, एक कांदा, दोन चमचे दाण्याचं कूट, चमचाभर तेल, मीठ, लिंबू. खायला बसतानाच कालव, आधी कालवला तर पाणी सुटतं. लिंबू चवीपुरतं नाही. पाल्यातलं आणि बाजरी-ज्वारीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते उष्णतेनं कमी होत असल्यानं लिंबू ताटातच पिळावं. जेवल्या-जेवल्या चहा घेतला तर हेच लोह कमी शोषलं जातं. तासभर थांबायला सांग. घरातल्या बायकांना तर आग्रहानं सांग.

आठवडी बाजाराची भाजी सात दिवस पुरवायची तर क्रम लाव. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी, गवार, दोडका, आणि शेवटी कोबी, गाजर, डांगर. जुडीचा दोरा सोड, पिवळी पानं काढ, न धुता ओलसर सुती फडक्यात गुंडाळ. पिकलेली केळी आणि टोमॅटो तिच्यापासून लांब ठेव, त्यांच्यामुळं पानं लवकर पिवळी पडतात. बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते, पण ती त्याच रात्री निवडली गेली पाहिजे.

खरी कसोटी एप्रिल-मेची. पाणी आटतं, पालेभाजी महागते. त्याची तयारी थंडीतच करावी लागते. हरभऱ्याचे कोवळे शेंडे आणि मेथी सावलीत, चुरचुरीत होईपर्यंत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भर. गवार उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून मग वाळव. जराही ओल राहिली तर बुरशी येते, तो डबा टाकून द्यावा लागतो. वाळवणात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही, तंतू आणि लोह राहतं, म्हणून सोबत कैरी किंवा लिंबू हवंच. आख्खं डांगर सावलीत कोरडं ठेवलं की उन्हाळ्यापर्यंत टिकतं.

फळांसाठी वेगळा खर्च काढू नकोस. दुपारच्या चहाबरोबरच्या बिस्किटांचे पैसे फळांकडं वळव. पावसाळा सरता-सरता बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं, थंडीत पेरू-बोरं, मेमध्ये केशर आंबा, आणि अर्धापूरची केळी बाराही महिने. जालन्याची मोसंबी रस न काढता, सोलून फोडींच्या पापुद्र्यासकट खा. रसात चोथा जातो आणि एका पेल्यात तीन-चार मोसंब्या सहज संपतात. आजोबांना साखर असेल तर आख्खं फळ, थोडं, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. कुणाला मुतखडा असेल तर पालक, चुका, घोळ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचार. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळं-भाज्यांचंही विचारूनच.

पहिले आठ-दहा दिवस कुणाचं पोट फुगेल. तंतू एकदम वाढले की असं होतं. प्रमाण जरा मागं घे, पाणी वाढव, पण थांबू नकोस.

पुढच्या पत्रात घरी पाणी बोअरचं आहे की नळाचं, आणि बाजार कोणत्या वारी भरतो, ते लिही. मग आठवड्याची भाजी आपण मिळून लावू.

तुझा,
काका