'इश्यू' म्हणजे दर वेळी वाद नव्हे

ताई, तुम्ही लिहिलंय की पेडण्याच्या जमिनीच्या इंग्रजी कागदात आत्याबद्दल 'डाइड विदाऊट इश्यू' असं आहे, आणि वाड्यावरचे सांगतात की काही वाद नव्हता असा अर्थ, सही करून टाका. सही करू नका. त्याचा अर्थ आत्याला मूलबाळ नव्हतं. आणि तुम्हीच सांगताय की तिला मुलगी आहे.

मी वकील नाही, पण याच शब्दाने आमचे अकरा महिने खाल्ले. काका वारले तेव्हा घरात इंग्रजी येणारा म्हणून फॉर्म मी भरला. वर 'डेट ऑफ इश्यू' होतं, तिथे मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख घातली, बरोबर. अगदी खाली 'इश्यू, इफ एनी'. आमच्यात भांडणतंटा काहीच नव्हता म्हणून निळ्या पेनाने 'निल' लिहून मोकळा झालो. काकांच्या दोन्ही मुली कागदावरून गेल्या! थोरली तर माझ्या शेजारीच, हातात रेशनकार्ड घेऊन उभी होती, वडिलांचं नाव त्यावर होतं, आणि खिडकीतल्या माणसाने सगळं बघून शिक्का मारला. नंतर दुरुस्तीला गेलो तर एकच उत्तर, अक्षर तुमचंच आहे ना. मग प्रतिज्ञापत्र आणा, जन्मदाखले आणा, दाखल्यात स्पेलिंग वेगळं म्हणून परत पणजी. कुठला कागद कमी ते एकदाच सांगितलं असतं तर चार खेपांत झालं असतं, अजून राग येतो. पण त्याहून लागलं ते थोरलीचं बोलणं, "दादा, म्हणजे आमी नाच?" म्हणजे आम्ही नाहीच का.

तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलो. मूळ लॅटिन, 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'इरे' म्हणजे जाणे, तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत. जे बाहेर येतं ते इश्यू. पोटी आलेलं मूल, छापून आलेला मासिकाचा अंक, कंपनीने काढलेले शेअर, कचेरीतून मिळालेला दाखला. जुन्या इंग्रजी बायबलात 'इश्यू ऑफ ब्लड' म्हणजे रक्तस्राव. आणि कोर्टात दोन्ही बाजूंचं म्हणणं मांडून झाल्यावर जे वादाचे मुद्दे निघतात तेही इश्यू, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर १४ त्यावरच आहे. आपण रोज बोलतो तो 'प्रॉब्लेम'वाला अर्थ त्यातला फक्त एक. 'एक्झिट' याच घरातला, आणि जुन्या लोकांच्या पोर्तुगीजमधला 'एझितु'सुद्धा, पण त्याचा अर्थ यश! आपला 'अंक' बघा ना, आकडा, मांडी, नाटकाचा अंक, मासिकाचा अंक, पण तिथे आपण चुकत नाही कारण आजूबाजूचे शब्द वाचतो.

माझं स्पष्ट मत, वारसाच्या कागदात हा शब्द दिसला की आधी 'अपत्य' वाचा, मग दुसरं काही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी दोघांना सारखा वारसा आहे, त्यामुळे मूल नाही असं लिहिलं की वारसांचा क्रमच बदलतो. तुमचा कागद अजून मसुदाच असेल तर वकिलाकडून ती ओळ बदलून आत्याच्या मुलीचं नाव घालून घ्या, नाव तिच्या जन्मदाखल्यावर आहे तसंच्या तसं. फोनवरच्या भाषांतरावर जाऊ नका, आणि व्हाइटनर तर अजिबात लावू नका, नवीन प्रत काढायला सांगा.