ऑनलाइन लिलावात पिकअप घ्यावी का? छुपे खर्च किती निघतात?

तुमचा प्रश्न असा, की शिरपूरला राहता, भाजीपाला वाहायला स्वतः चालवायची म्हणून फायनान्स कंपनीने ओढून आणलेली पिकअप ऑनलाइन लिलावात बघितली आहे, बोली १,७२,००० वर आहे, हातात सगळे मिळून २,५०,००० आहेत. मी अमळनेरचा. दोन वर्षांपूर्वी अशीच एक घेतली, म्हणून लिहितो.

माझी बोली २,६०,००० ला सुटली. मी घरात पेढे वाटले. मग हिशोब आला. खरेदीदार शुल्क ३ टक्के, म्हणजे ७,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ९,२०४. 'कागदपत्र शुल्क' ३,५००, त्यावरही जीएसटी, ४,१३०. बोलीच्या पानावर यातला एक आकडाही नव्हता. होता तो नियम-अटींच्या फाईलमध्ये, आणि ती फाईल अनामत भरल्यावरच उघडत होती.

बाजार समितीत माल विकून वाढलेला माणूस मी. तिथेही अडत, हमाली, तोलाई असतेच, पण ती पट्टीवर लिहिलेली असते आणि भांडायला अडत्या समोर बसलेला असतो. इथे समोर कोणीच नाही.

सगळ्यात जास्त डोके फिरले ते यार्डात, ओढून आणलेल्या गाड्या ठेवतात तिथे. सर्वात मोठी बोली आपली असली तरी गाडी लगेच आपली होत नाही. फायनान्सवाल्यांनी मंजुरी द्यायची, मग आपण पैसे भरायचे, मग रिलीज लेटर, म्हणजे गाडी सोडायचे पत्र. माझे पैसे तिसऱ्या दिवशी गेले, लेटर यायला आणखी सोळा दिवस लागले. यार्डवाल्याने त्याच सोळा दिवसांचे २०० रुपयांनी ३,२०० भाडे मागितले. म्हटले, उशीर तुमच्याच माणसांचा. तो म्हणाला, आम्ही वेगळे, ते वेगळे. ग्राहक सेवेला फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई 'आपला कॉल महत्त्वाचा आहे' म्हणायची. तक्रार चार वेळा नोंदवली, चारही वेळा 'निराकरण झाले' असा मेसेज आला. निराकरण कुणाचे झाले देव जाणे.

गाडी बघितली तर फोटोत दिसणारी स्टेपनी नाही, बॅटरीही नाही. टोचन करून आणावी लागली, त्याचे ११,०००. बॅटरी नि स्टेपनीचे ९,५००. जुने ई-चलन ६,५००. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने बोनेट उघडले, खाली ठेवले आणि एवढेच म्हणाला, "हाई काबरं लई उना भो?" (अहिराणीत, हे कशाला घेऊन आलास भाऊ?) एकूण बेरीज ३,०३,५३४, आणि यात विमा, पासिंग धरलेले नाही. तशीच गाडी धुळ्यात एका दलालाकडे ३,१०,००० ला उभी होती. चालवून बघता आली असती.

आता कायद्याचे. लिलावाच्या अटीत 'जशी आहे, जिथे आहे' असे असते. गाडीच्या अवस्थेवरून भांडाल तर बाजू लंगडी पडते. चंदीगडच्या भूखंड लिलावाच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, आहे त्या स्थितीत लिलावात भूखंड घेणाऱ्याला ग्राहक मानायला नकार दिला होता. समोरचा वकील तोच निकाल पुढे करील. पण न सांगितलेल्या शुल्काची गोष्ट निराळी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत सगळे शुल्क धरून एकूण किंमत दाखवायची आहे, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच, महिन्याभरात निवारण करायचे आहे. किंमत थोडी थोडी करून शेवटी वाढवत नेणे हा प्रकार केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'ड्रिप प्रायसिंग' नावाने नोंदलेला आहे. तक्रारीत हे शब्द लिहा, चॅटवाला निदान वरच्याकडे पाठवतो. तुम्ही गाडी स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवणार, हेही लिहा. धंद्यासाठी घेतली म्हणून ग्राहक नाही, असे म्हणायला मग जागा उरत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मला ३,२०० परत मिळाले, दोन महिन्यांनी. कारण पैसे भरल्याची तारीख आणि लेटरची तारीख, दोन्ही ईमेलवर होत्या. फोनवर बोललेले काहीच कामाला आले नाही. बाकीचे गेले.

तेव्हा अनामत भरण्याआधी तीन प्रश्न ईमेलने विचारा: एकूण शुल्क किती, यार्डभाडे कोणत्या दिवसापासून, आणि कर्जाचा बोजा उतरवायचे फॉर्म ३५ नि आरसी कधी हातात देणार. फॉर्म नाही तर आरटीओत गाडी नावावर होत नाही, आणि मग ती दारात उभी राहते. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा, फिटनेस बघा. चलन वेगळे तपासा. मिस्त्रीला ५०० रुपये देऊन यार्डात घेऊन जा. फोटोवर जाऊ नका, माझ्या फोटोत स्टेपनी होती.

तुमच्या २,५०,००० मधून शुल्क नि टोचनाचे २५,०००, विमा नि पासिंगचे ३५,०००, दुरुस्तीचे २५,००० काढा. उरतात १,६५,०००. बोली त्याच्या वर कधीच गेली आहे. ही सोडा, दुसरी बघा.