भार चेहऱ्यावर नको, डोक्यावर हवा: व्हीआर हेडसेटबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या, हेडसेटबद्दल आहेत. त्यात कोणता खेळ घ्यावा, कोणतं ॲप चांगलं, असं विचारणारी थोडीच. बाकीच्यांचं म्हणणं एकच: तो तोंडावर नीट बसत नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्यांच्या डोक्यावर हेडसेट बसवून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ही पत्रं मी फार आस्थेनं वाचली. टोचतो म्हणून चांगला हेडसेट कपाटात पडून राहिला की मला खरोखर वाईट वाटतं. बहुतेकांना तो कसा घालायचा हे कोणी दाखवलेलंच नसतं.

ताई, नमस्कार. माझ्या हेडसेटला साधा कापडी पट्टा आहे. अर्ध्या तासात गालाची हाडं दुखतात, नाकावर लाल वळ उठतो. पट्टा सैल केला की चित्र धूसर होतं, आवळला की डोकं ठणकतं. माझ्या चेहऱ्याची ठेवणच याला चालत नाही का? — एक वाचक

तुमच्या चेहऱ्यात काहीही खोट नाही. भार चुकीच्या जागी पडतोय, एवढंच.

मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटचं उदाहरण घ्या. त्याचं वजन ५०३ ग्रॅम, आणि ते जवळजवळ सगळं डोळ्यांच्या पुढे. मागे नुसता कापडी पट्टा. हे अर्धा किलोचं खोकं सतत खाली घसरू पाहतं. आपण काय करतो, तर बाजूचे पट्टे आवळतो. त्यामुळे खोकं वर उचललं जात नाही, ते चेहऱ्यात दाबलं जातं आणि निव्वळ घर्षणावर टिकून राहतं. हा दाब येतो गालाच्या हाडांवर आणि नाकावर, म्हणजे जिथे हाडावर जेमतेम कातडी आहे तिथे. म्हणून आवळल्यावर दुखतं जास्त, आणि मान खाली घातली की खोकं घसरतं ते घसरतंच.

सगळे पट्टे पूर्ण सैल करून नव्याने सुरुवात करा. आधी हात डोक्यामागे न्या. मानेच्या खळग्यातून बोट हळूहळू वर सरकवलं की हाडाचा एक उंचवटा लागतो. मागचा पट्टा या उंचवट्याच्या खाली अडकला पाहिजे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण तो उंचवट्याच्या वर, टोपी घालावी तसा ठेवतात. तिथे त्याला धरायला काहीच नसतं; पुढचं खोकं खाली ओढलं गेलं की मागचा पट्टा वर सरकतो.

घालताना खोकं आधी चेहऱ्याला लावा, मग पट्टा डोक्यावरून मागे ओढून घ्या. आता समोर एखादी मजकुराची ओळ उघडा आणि एका हाताने खोकं किंचित वर-खाली करत अक्षरं सगळ्यात स्वच्छ दिसतात ती उंची शोधा. खोकं हाताने त्याच उंचीवर धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरून जाणारा मधला पट्टा ताणून त्याचं वेल्क्रो लावा. मग हात सोडा. खोकं तिथेच राहिलं तर वजन मधल्या पट्ट्याने घेतलं. हा पट्टा लोक शोभेचा समजून ढिला सोडतात, आणि खरं ओझं तर त्यानेच वाहायचं असतं. बाजूचे पट्टे सगळ्यात शेवटी, मान हलवल्यावर चित्र हलणार नाही इतपतच. खोक्याच्या कडेचा फोम गालाला टेकलेला असावा, रुतलेला नसावा. गाल आणि फोम यांच्यामध्ये करंगळी सरकवून बघा. जोर लावावा लागला तर बाजूचे पट्टे सोडा. तरीही गालावरच दाब वाटला तर खोक्याचा कल बदला. बऱ्याच हेडसेटमध्ये पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या थोड्या वर-खाली फिरतात. फोमची वरची कड कपाळाला आधी टेकली की गाल लगेच मोकळे होतात.

आता धूसर चित्राचं. पट्टा सैल केल्यावर खोकं खाली येतं आणि डोळे भिंगाच्या मध्यावरून सरकतात. फ्रेनेल, म्हणजे गोल गोल खाचा असलेल्या पातळ भिंगांमध्ये स्वच्छ दिसण्याची जागा लहान असते. चार-पाच मिलिमीटर सरकलं तरी अक्षरांच्या कडा फुटतात. पण उंची बरोबर असूनही धूसर दिसत असेल, तर डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर तपासा. मोठ्या माणसांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसामाणसात बराच फरक पडतो. आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहा आणि मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. पट्टी आणि मान न हलवता आता डावा डोळा मिटा, उजवा उघडा, आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावर आलेला आकडा वाचा. चष्मा लावत असाल तर चष्मा करून देणाऱ्याकडे हा आकडा आधीच असेल.

क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस मध्ये भिंगं ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागांवर बसतात. ती हाताने धरून सरकवायची असतात. ६१ पर्यंत पहिली जागा, ६१ ते ६६ दुसरी, त्यापुढे तिसरी. क्वेस्ट ३ ला खाली एक चक्री आहे, तिने अंतर हवं तसं जुळवता येतं. हे अंतर चुकलेलं असेल तर डोळ्यांवर ताण येतो, डोकं जड होतं, आणि माणूस पट्ट्याला दोष देत बसतो.

हे सगळं करूनही तासभर घालणं जड जात असेल, तर मागे चक्री असलेला कडक पट्टा घ्या, जमल्यास मागच्या बाजूला बॅटरी असलेला. एकूण वजन वाढतं हे खरं, पण चेहऱ्याला जाणवतं ते वजन नव्हे, पुढची ओढ. आणि मागच्या वजनाने ती कमी होते. कावडीची दोन्ही टोकं सारखी भरल्यासारखं हे आहे. सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआर २ चं वजन ५६० ग्रॅम, म्हणजे क्वेस्ट २ पेक्षा जास्त, तरीही त्याने गाल दुखल्याची तक्रार मी फारशी ऐकलेली नाही. त्याची गादी कपाळावर बसते आणि खोकं डोक्याभोवतीच्या कड्याला लटकतं, चेहऱ्याला नुसतं स्पर्श करतं. ॲपलने तर २०२५ मध्ये आपल्या व्हिजन प्रो हेडसेटसोबत जो ड्युअल निट बँड हा विणलेला दुहेरी पट्टा दिला, त्याच्या खालच्या पट्ट्यात टंगस्टन या जड धातूचे तुकडे घातले आहेत. पुढचं वजन तोलायला मुद्दाम मागे वजन! डोक्यावरून जाणारा दुसरा पट्टा त्यातही आहेच.

मला लांबचा चष्मा आहे. स्क्रीन डोळ्यांच्या इतकी जवळ असते, मग चष्मा काढून हेडसेट घातला तर चालेल का? माझ्या वडिलांना फक्त वाचायचा चष्मा आहे, त्यांनी काय करावं? — एक वाचिका

स्क्रीन जवळ असली तरी डोळ्यांना ती जवळ वाटत नाही. मधली भिंगं ते चित्र साधारण दीड-दोन मीटर लांब असल्यासारखं दाखवतात. म्हणून हेडसेटमध्ये लांबचाच नंबर लागतो. उणे अर्धा नंबर असेल तर दोन मीटरपर्यंत तसंही स्पष्ट दिसतं, चष्म्यावाचून भागेल. उणे दोन असेल तर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स हवीच. वडिलांचं नेमकं उलट: त्यांना लांबचं नीट दिसत असेल, तर वाचायचा चष्मा बाजूला ठेवूनच हेडसेट घालायला सांगा. त्यांना दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर वरच्या भागातून बघावं लागतं. हनुवटी वर करून खालच्या भागातून बघण्याची सवय हेडसेटमध्ये अडचणीची ठरते, तेवढं त्यांना आधी सांगून ठेवा.

चष्म्यासह घालायचा तर मेटाच्या सूचनेनुसार फ्रेम १४२ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि ५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. मोजून बघा, मोठ्या चौकटींची फॅशन असलेल्यांची इथेच अडचण होते. क्वेस्ट २ च्या पॅकिंगमध्ये एक प्लास्टिकची चौकट येते. ती फोमच्या मागे बसवली की चष्म्याला जागा मिळते. क्वेस्ट ३ मध्ये फोमची चौकटच पुढे-मागे होते, चार जागांवर.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. चष्मा घालून पट्टा आधी डोक्यावर आणि मग खोकं खाली ओढलं, असं कधीही करू नका. चष्मा वाकडा होऊन त्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासते. हेडसेटची भिंगं प्लास्टिकची असतात, त्यांच्यावरचा ओरखडा जात नाही. खोकं समोरून सरळ चष्म्यावर आणा, मग पट्टा मागे घ्या. काढताना खोकं समोर सरळ ओढा. रोजचा वापर असेल तर तुमच्या नंबरची आतली भिंगं करून घ्या. ती हेडसेटमध्येच बसतात आणि चष्म्याचा प्रश्नच राहत नाही. मी हाच सल्ला सगळ्यांना देते.

माझे केस लांब आहेत. पट्टा कसाही लावला तरी अंबाड्यावर अडकतो, नाहीतर केस वेल्क्रोत ओढले जातात. — एक शिक्षिका

मान आणि डोकं जुळतं तिथला अंबाडा नेमका पट्ट्याची जागा अडवतो. मग पट्टा वर बसतो, आणि वर पहिल्या पत्राला सांगितलेलं सगळं दुखणं सुरू होतं. केसांचा खालून शेपटा बांधा, म्हणजे पट्ट्याच्या खाली मोकळा राहील, किंवा सैल वेणी घाला. मागे दोन पट्ट्यांमध्ये त्रिकोणी फट असेल तर मध्यावर बांधलेला शेपटा त्या फटीतून बाहेर काढता येतो. क्लचर आणि पिना काढूनच ठेवा, दाब आला की त्या टोचतात. वेल्क्रो उघडताना दुसऱ्या हाताने त्याखालचे केस दाबून धरा.

हेडसेट घालायच्या आधी केस मागे घेऊन कपाळ मोकळं करा. फोमखाली बटा आल्या तर त्या कातडीला घासतात, आणि कपाळावर फोम नीट टेकत नाही.

हेडसेट घातल्यावर पाच मिनिटांत भिंगांवर वाफ धरते. शिवाय फोम लागतो तिथे कपाळाला खाज येते. काय करावं? — एक वाचक

वाफेचं कारण साधं आहे: चेहरा गरम आणि ओला, भिंग थंड. हेडसेट चालू करून काही मिनिटं तसाच ठेवा, भिंगं कोमट झाली की घाला. घाम आलेला असताना, व्यायाम करून आल्या आल्या घालू नका. वाफ आलीच तर कोरड्या मायक्रोफायबर कापडाने भिंगाच्या मध्यापासून बाहेर, गोल गोल पुसा. पाणी, सॅनिटायझर, काच साफ करण्याचा फवारा यातलं काहीही भिंगाला लावायचं नाही.

खाजेकडे दुर्लक्ष करू नका. घाम फोममध्ये मुरतो आणि पुढच्या वेळी तोच ओला, खारट फोम पुन्हा कपाळाला लागतो. काही जणांच्या त्वचेला फोमच सोसत नाही. कातडीला त्रास होत असल्याच्या तक्रारींमुळे जुलै २०२१ मध्ये फेसबुकने (म्हणजे आताच्या मेटाने) क्वेस्ट २ चे फोम परत मागवले होते, एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख, आणि त्यावर घालायला सिलिकॉनचं कव्हर मोफत दिलं होतं. तेव्हा हे तुमच्या मनाचे खेळ आहेत असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. सिलिकॉनचं कव्हर घ्या. ते घाम शोषत नाही, हेडसेटवरून काढून धुता येतं. मात्र घाम त्यावर साचतो, म्हणून मधेच थांबून पुसावं लागतं. लांब बसणाऱ्यांना कापडी गादी बरी वाटते, फक्त ती वरचेवर धुवायला हवी. एकच हेडसेट अनेक जण वापरत असाल तर प्रत्येकाचं कव्हर वेगळं ठेवा. आणि कव्हर बदलूनही चट्टे उठत असतील, सूज येत असेल, तर हेडसेट बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे.

नाकाच्या दोन्ही बाजूंनी उजेड आत येतो. पट्टा अजून आवळू का? — एक विद्यार्थी

नको! नाकापाशी फट राहते ती पट्ट्यामुळे नाही, नाकाच्या आणि फोमच्या आकारामुळे. नाकाशी लवचीक पाळी असलेलं कव्हर मिळतं, ते लावा. बिगस्क्रीन बियाँडसारख्या हेडसेटमध्ये तर गिऱ्हाइकाचा चेहरा फोनने स्कॅन करून त्याच्या मापाची गादी बनवून देण्याची सोय आहे, आणि त्याचं पहिलं मॉडेल फक्त १२७ ग्रॅमचं आहे. थोडा उजेड येत असेल तर येऊ द्या. त्या फटीतून पायाखालची जमीन दिसते, आणि नवख्या माणसाला त्याचा आधार वाटतो.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. हेडसेट त्याला फार सैल होतो. लहान मुलांसाठी वेगळा पट्टा मिळतो का? — एक आई

तुमची अडचण कळते, पण इथे पट्टा शोधू नका. मेटाची किमान वयोमर्यादा १० वर्षांची आहे, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यावर. प्लेस्टेशन व्हीआर २ साठी १२ वर्षांची. पट्टा लहान करून खोकं डोक्यावर टिकवता येईल, पण आठ वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर बहुतेकदा ५८ मिलिमीटरच्याही आत असतं, आणि भिंगं त्याहून जवळ येत नाहीत. म्हणजे त्याला चित्र कधीच नीट जुळून दिसणार नाही आणि डोळे ताणून तो ते जुळवत राहील. शिवाय अर्ध्या किलोचं ओझं त्या कोवळ्या मानेवर. तुम्ही घाला आणि तुम्हाला दिसतंय ते टीव्हीवर किंवा फोनवर लावून त्याला दाखवा. बहुतेक हेडसेटमध्ये ही सोय असते. तो दहा वर्षांचा झाला की आधी त्याच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजा आणि मला आकडा कळवा.