कोयनेत बुडालेल्या गावाची प्रतिकृती मुंबईत कशी करायची?

तुम्ही विचारलंय की गाव शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात गेलं, आता मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत त्याची प्रतिकृती ठेवायची आहे, तर प्रमाण कोणतं घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी.

प्रमाण 1:200 घ्या. 300 × 200 मीटरचं गावठाण 150 × 100 सेंमीत बसतं आणि 8 मीटरचं घर 4 सेंमीचं होतं, पडवी-ओटा दाखवता येतो. 1:500 ला तेच घर भुईमुगाच्या शेंगेपेक्षा लहान होतं, म्हातारी माणसं आपलं घर ओळखत नाहीत. पाया 75 × 100 च्या दोन तुकड्यांत करा, नाहीतर चाळीच्या जिन्यातच अडकेल.

भूमी अभिलेखच्या गाव नकाशात शेतांचे सर्व्हे नंबर मिळतील, पण गावठाण बहुधा नुसता कोरा आकार असतो. भूसंपादनाच्या निवाड्यासोबतच्या याद्या मिळाल्या तर घरं, विहिरी, झाडं कळतात. बाकी सगळं माणसांकडून. जमिनीवर खडूने देऊळ, चावडी, पाणवठा काढा आणि एकेकाला वेगळं विचारा: "देवळातून पाणवठ्यावर जाताना उजव्या हाताला कुणाचं घर?" सगळ्यांना एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाचा नकाशा तयार होतो. घर किती फुटांचं होतं हे विचारू नका, लहानपणीचं घर आठवणीत वाढलेलं असतं. किती खणांचं, म्हणजे दोन खांबांमधले किती गाळे, ते विचारा. खण साधारण 5-6 फुटांचा धरा.

पायाला 12 मिमी मरीन प्लाय, खाली लाकडी चौकट. दोन्ही बाजूंना सीलर मारा. एकाच बाजूला मारलात तर मुंबईच्या पावसाळ्यात दुसरी बाजू फुगते आणि पाया वाकतो. चढाला 5 मिमी सनबोर्डचे (हलक्या फोमच्या फळीचे) थर लावा, एक थर म्हणजे बरोबर 1 मीटर. थर्माकोल वापरलात तर स्प्रे पेंट लांब ठेवा, त्यातलं द्रावक थर्माकोल खातं.

कौलांसाठी खोक्याच्या पुठ्ठ्यातला नळीदार थर सोलून लावतात, ते टाळा. त्याची एक लाट 6-7 मिमीची, म्हणजे या प्रमाणात सुमारे सव्वा मीटर रुंद कौल! जाड कार्डपेपरवर रिकाम्या रिफिलने दीड मिमी अंतरावर रेघा दाबा. रंगात थोडा करडा मिसळा, छोट्या घरावर शुद्ध गेरू भडक दिसतो. झाडांना काथ्या वापरा; वाळकी फुलं-पानं लावली तर कीड लागते.

घरं लगेच चिकटवू नका, टाचणीवर बसवा. पहिल्याच सत्यनारायणाला कुणीतरी येऊन सांगणार, "आमचं घर पिंपळाच्या पलीकडे होतं."

आता पाणी. ते ओतू नका, गाव दिसेनासं होईल. धरणाची पूर्ण पातळी सुमारे 2163 फूट. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवरही (टोपोशीट) उंची फुटांतच आहे, तेव्हा सरळ वजाबाकी करा. गाव 2000 फुटांवर असेल तर वर 163 फूट पाणी, म्हणजे सुमारे 50 मीटर, या प्रमाणात 25 सेंमी. अॅक्रिलिकची पेटी 35 सेंमी उंच करा आणि चारही बाजूंना 25 सेंमीवर बारीक निळी रेघ ओढा. पेटीला मागून दोन भोकं ठेवा, नाहीतर आत दमट हवा कोंडून बुरशी येते.