मुरमाड गायरानावर देशी जंगल

प्रश्न : आमच्या गावाचं पाच एकर गायरान सातपुड्याच्या पायथ्याशी, उतारावर आहे. लावलेली रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात. यंदा मियावाकी पद्धतीने दाट लागवड करावी का? (एक वाचक, चोपडा तालुका)

उत्तर : नको. मियावाकीत चौरस मीटरला किमान तीन रोपं धरली, तरी पाच एकरांत 60,000 होतात आणि त्यांना दोन-तीन वर्षं नियमित पाणी लागतं. तेवढं पाणी उतारावर कुठून आणणार?

आधी जमीन वाकून पाहा. पळस, धावडा, खैर, टेंभुर्णीचे वीतभर खुंट अशा मुरमात बहुधा जिवंत असतात. पावसाळ्यात फुटतात आणि शेळ्या पुन्हा खुडतात. त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असल्याने चराई थांबली की पाण्यावाचून वाढतात. प्रत्येक खुंटावर दोन जोमदार फुटवे ठेवा, बाकीचे हिवाळ्यात छाटा. बोर-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला, गवत मात्र कापून नेऊ द्या; नाहीतर कुंपण टिकणार नाही. फेब्रुवारीच्या आत हद्दीवर तीन मीटर रुंद जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत जाळून मोकळी केलेली पट्टी) काढा. यासाठी सगळ्या गावाचा होकार लागतो. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं, ते गावाने स्वतः पाळलेल्या नियमांच्या जोरावर.

रोपं फक्त मोकळ्या जागी, तीन-तीन मीटरवर. दोन फुटी खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्या. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी 200 ग्रॅम निंबोळी पेंड घाला. लागवड पाऊस मुरल्यावरच.

तुमची रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात जातात, याचं कारण पिशवीतही असू शकतं. अंजनासारख्या झाडाचं सोटमूळ छोट्या पिशवीच्या तळाशी वेटोळं घेतं आणि पुढे खोल जातच नाही. पिशवी फाडून पाहा, वेटोळं दिसलं तर तेवढं टोक धारदार ब्लेडने कापा. अंजनाचं ताजं बी थेट खड्ड्यात पेरलं तर आणखी चांगलं. रोपांना पहिले दोन उन्हाळे दर दहा-बारा दिवसांनी 10 ते 15 लिटर पाणी द्या. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून केळीच्या वाळक्या पानांचं आच्छादन करा. पानं बुंध्याला टेकली की वाळवी चढते.

प्रश्न : ग्लिरिसिडिया, सुबाभूळ चालेल का? लवकर हिरवं होतं. (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : जंगलासाठी नाही. सुबाभळीचं बी सगळीकडे पसरून देशी रोपट्यांची जागा घेतं. आणि मूळचं गवताळ माळरान असेल, तर तिथे कुठलंच झाड लावू नका. लांडगा आणि धाविक, चंडोल यांसारखे पक्षी अशा मोकळ्या माळरानाच्या आधारानेच जगतात.